परवानगीच्या अर्जातला राहून गेलेला रकाना

प्रति,
माननीय सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



घराच्या अंतर्गत सजावटीचे काम, ज्याला शहरांतून सरसकट ‘इंटिरियर’ म्हटले जाते, हे राज्यातील प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दाराशी वर्षातून अनेकदा येऊन उभे राहते. आणि तरीही हे काम करणाऱ्याची पात्रता काय, त्याने कोणता करार केला आणि काम बिघडल्यास उत्तर कोणी द्यायचे, हे विचारण्याची जबाबदारी आज कोणत्याच यंत्रणेकडे नाही. संस्थेचे आदर्श उपविधी, म्हणजे शासनाने नमुन्यादाखल घालून दिलेले अंतर्गत नियम, सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची परवानगी घेण्यास सांगतात. त्यानुसार सभासद अर्ज देतो, बहुतेक संस्था अनामत रक्कम ठेवून घेतात, डेब्रिज कोठे टाकायचे आणि ठोकाठोकी किती वाजेपर्यंत चालेल हे बजावतात, आणि फाटकावरच्या वहीत कारागिरांची नावे चढू लागतात. ग्राहकाच्या हिताचा प्रश्न मात्र या सगळ्या कागदपत्रांत कोठेही येत नाही. हे पत्र गृहनिर्माण विभागाला न लिहिता सहकार आयुक्तालयाला लिहिण्याचे कारण हेच, की हा अर्ज आयुक्तालयाच्या अखत्यारीतील संस्थांच्या दप्तरात आधीपासूनच आहे आणि त्यात चार रकाने वाढवण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

सदनिकेच्या खरेदीभोवती गेल्या काही दशकांत कायद्याचे बऱ्यापैकी भक्कम कुंपण उभे राहिले आहे. सदनिकांच्या विक्रीसंबंधीचा १९६३ चा महाराष्ट्राचा मोफा कायदा होताच. त्यानंतर स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘रेरा’, आला. या अधिनियमाच्या १३ व्या कलमानुसार लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि १४ व्या कलमानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. ताबापत्र हाती पडल्यावर तेच कुटुंब जो दुसरा मोठा व्यवहार करते, त्याला यांपैकी काहीही लागू होत नाही. ज्या गृहस्थाने विकासकाचा प्रकल्प क्रमांक महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, यादीत ताडून पाहिलेला असतो, तोच पुढे लाखो रुपयांचे लाकूडकाम व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका आकड्याच्या भरवशावर देऊन मोकळा होतो आणि निम्मी रक्कम आगाऊ पोचती करतो.

यामागे केवळ निष्काळजीपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण विचारायचे ठरवले तरी नेमके काय विचारावे हे कायदाही स्पष्टपणे सांगत नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी संरक्षित केली. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ती नावापुढे लावता येत नाही आणि नोंदणी असलेल्याला आपला क्रमांक दाखवता येतो. हे संरक्षण उपाधीपुरतेच आहे आणि संबंधित कामे करण्यास इतरांना मज्जाव नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ‘इंटिरियर डिझायनर’ या नावाला तर एवढेही संरक्षण नाही. ज्या वर्षी वास्तुविशारदांचा कायदा झाला, त्याच १९७२ मध्ये अंतर्गत रचनाकारांची इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्था स्थापन झाली; ती व्यावसायिकांची ऐच्छिक संघटना आहे आणि तिचे सभासदत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे. परिणामी तीन वर्षांची पदविका घेतलेला, बारा वर्षे सुतारकाम केलेला आणि कालपर्यंत फर्निचरच्या दुकानात विक्रेता असलेला, असे तिघेही एकच शब्द छापलेले कार्ड घेऊन एकाच दारात उभे राहू शकतात. याच घरातील वीजजोडणीचे काम नियमाप्रमाणे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे विसंगती अधिकच उठून दिसते.

प्रशिक्षणाच्या सोयींची वानवा आहे, असेही नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची या विषयातील पदविका आहे, मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय आणि रचना संसद यांसारख्या संस्थांतून हा विषय शिकवला जातो, आणि शेजारच्या अहमदाबादेत सेप्ट या संस्थेने त्यासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र विद्याशाखा काढली. मात्र प्रमाणपत्राचे नाव पाहून समाधान मानण्यापेक्षा त्या प्रशिक्षणातून काय हाती यायला हवे ते मागून घेणे अधिक उपयोगी ठरते, आणि ते म्हणजे कार्यनकाशे. कार्यनकाशा म्हणजे कारागिराने समोर ठेवून काम करावे असा मोजमापांसह काढलेला आराखडा. विजेचे बिंदू कोठे आणि जमिनीपासून किती उंचीवर येणार, पाण्याच्या नळ्या कोणत्या भिंतीतून जाणार, ओट्याखालच्या ट्रॉल्या उघडल्यावर दाराला अडणार की नाही, ही सारी उत्तरे त्यात असतात. संगणकावर रंगवलेली गुळगुळीत त्रिमितीय चित्रे आज कोणीही दोन दिवसांत करून देतो आणि ग्राहक नेमका त्यांनाच भुलतो. परंतु चित्रातल्या पलंगामागे स्विचबोर्ड दडला आहे की काय, हे त्या चित्रातून कधीच कळत नाही. त्याचप्रमाणे रचनाकाराचे नुकतेच संपलेले, अजून रंगाचा वास येणारे घर पाहण्यात फारसा अर्थ नसतो. तीन पावसाळे काढलेले घर पाहावे, सिंकखालचे कपाट उघडावे, कपाटांची दारे एका रेषेत राहिली आहेत का ते न्याहाळावे आणि घरमालकाला एवढेच विचारावे, की काम संपल्यावर फोन केला तेव्हा पलीकडून तो उचलला गेला का.

पात्रतेचा हा आग्रह पदवीधरांची मक्तेदारी निर्माण करण्यासाठी नाही, हे येथेच नोंदवणे आवश्यक आहे. मुंबई-पुण्यातील घरे प्रत्यक्षात ज्यांच्या हातांनी सजतात, ते राजस्थानातून व उत्तर प्रदेशातून आलेले सुतार, बंगालमधून आलेले पीओपीचे कारागीर आणि मराठवाड्यातून आलेले गवंडी यांच्यापैकी बहुतेकांकडे कोणतेही प्रमाणपत्र नसते, आणि एखादा जाणता मिस्त्री नवशिक्या पदवीधराला साइटवर रोज धडे देत असतो. परवाना सक्तीचा केला तर हाच वर्ग बाहेर फेकला जाईल, परवान्याच्या मागे एक नवे टेबल उभे राहील आणि कामाचा दर वाढेल. दर्जा वाढेलच याची खात्री मात्र राहणार नाही. म्हणून प्रस्तुत पत्रात परवान्याची मागणी नाही. मागणी आहे ती प्रत्येक कामामागे एक लेखी करार असावा आणि कामातला कोणता भाग कोणाच्या जबाबदारीवर आहे हे त्यात नावानिशी असावे, एवढीच.

एका बाबतीत मात्र अनुभवी मिस्त्रीचा अंदाजही पुरेसा मानता येत नाही, आणि ती म्हणजे इमारतीचा सांगाडा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात इमारतीचा भार पेलणाऱ्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला आणि गुन्हाही दाखल झाला. जुन्या इमारतींत निदान खांब, तुळई आणि विटांची भिंत यांतला फरक डोळ्यांना दिसतो. गेल्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे परिसरातील अनेक उंच इमारती ‘मायवन’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून, बांधल्या जातात. त्यांत विटांच्या भिंती जवळजवळ नसतात आणि जी खोलीची साधी विभाजक भिंत वाटते ती स्वतःच भार पेलत असते. अशा भिंतीत वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी आडवी झिरी मारणे किंवा स्वयंपाकघर मोठे दिसावे म्हणून तिला खिडकी पाडणे म्हणजे आतल्या सळ्यांना हात घालणे होय. रचनाकाराला आपली इमारत कोणत्या पद्धतीची आहे असे विचारले आणि त्याने त्यासाठी मूळ नकाशे मागितले, तर तो पात्र असण्याची शक्यता बरीच वाढते. भिंतीवर बोटाने टकटक करून ‘तोडू या, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला तेथूनच निरोप द्यावा. भिंत हलवायची असल्यास संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय जोडल्याशिवाय परवानगी मिळू नये. काही जागरूक संस्था हे आजही पाळतात, पण अर्जाच्या नमुन्यातच ही अट आल्यास ती सर्वांना पाळावी लागेल.

आता दरपत्रकाविषयी, कारण सर्वाधिक फसगत तेथे होते आणि ती बहुधा बेकायदा नसते. लाकूडकाम चौरस फुटाच्या दराने सांगितले जाते, पण चौरस फूट कशाचा हे सांगितले जात नाही. उदाहरणादाखल ७ फूट रुंदीचे, ७ फूट उंचीचे आणि वर २ फुटांचा माळा असलेले कपाट घेतले, तर पहिला ठेकेदार १,४०० रुपये दर सांगतो आणि दुसरा १,६५० रुपये. साहजिकच पहिल्याची निवड होते. काम संपल्यावर पहिल्याचे बिल येते, तेव्हा खालच्या ४९ चौरस फुटांचे ६८,६०० रुपये असतात, माळ्याच्या १४ चौरस फुटांचे १,००० रुपयांच्या वेगळ्या दराने १४,००० रुपये असतात, आतले तीन ड्रॉवर ‘एक्स्ट्रा’ म्हणून ९,००० रुपये लावलेले असतात, आणि कपाटाची एक बाजू भिंतीला टेकत नसल्यामुळे त्या १८ चौरस फुटांच्या सनमायक्याचे ५,४०० रुपये चढलेले असतात. एकूण ९७,००० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १,१४,४६०. दुसऱ्याने माळा, ड्रॉवर, बाजू आणि कर धरून सगळ्या ६३ चौरस फुटांना एकच दर लावला असेल, तर त्याचे बिल १,०३,९५० रुपयांवर थांबते. येथे पहिल्याने खोटे काहीच सांगितलेले नाही. म्हणूनच नमुना करारात मोजमापाची पद्धत, दरात काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे लिहिण्याची जागा हवी, आणि मालकाच्या सहीशिवाय कोणतेही वाढीव काम बिलात येणार नाही असे एक कलम हवे. ‘लेबर रेट’ आणि ‘विथ मटेरियल’ यांतील निवडही तेथेच नोंदवली जावी. पहिल्यात माल मालक आणतो आणि ठेकेदार मजुरी घेतो, दुसऱ्यात दोन्ही ठेकेदाराकडे असते, आणि अर्ध्यावर हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की हिशेब कोणालाच लागत नाही.

मालाच्या बाबतीत एक छोटी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. प्लायवूडचा ताव सहसा ८ फूट बाय ४ फुटांचा असतो आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोची मुद्रा, मानकाचा क्रमांक व ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे मानक असून त्यातील ‘एमआर’ प्रतीचा प्लाय दमट हवा सोसतो पण भिजणे सोसत नाही. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक असून पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी, विशेषतः सिंकखाली, तो वापरणे शहाणपणाचे असते. दोन्हींवर सनमायका चिकटवला की ते दिसायला सारखेच. फरक कळतो तो कोकणपट्टीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात, कपाटाचा तळ फुगून दार घासू लागते तेव्हा. म्हणून सनमायका चिकटवण्यापूर्वी, ताव कापले जात असतानाच, मुद्रेचे छायाचित्र काढून ठेवावे आणि परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासावा. ज्या ठेकेदाराला या तपासणीचा राग येतो, त्याने आपला परिचय आपणच करून दिलेला असतो.

रागामागे अनेकदा कमिशन असते. प्लायवूड, हार्डवेअर, टाइल्स आणि दिव्यांच्या दुकानांतून गिऱ्हाईक आणणाऱ्याला टक्केवारी देण्याची प्रथा इतकी मुरलेली आहे की बाजारात तिला कोणी लपवाछपवी मानत नाही. लपवली जाते ती फक्त घरमालकापासून. वास्तुविशारदांसाठी १९८९ चे व्यावसायिक वर्तनाचे विनियम आहेत आणि काम मिळवण्या-देण्यासाठी कमिशन देणे-घेणे त्यांत निषिद्ध मानले आहे. अंतर्गत रचनाकारांना असे कोणतेही वैधानिक बंधन नाही. त्यात मानधन जर एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरलेले असेल, तर खर्च वाढवणारा प्रत्येक सल्ला देणाऱ्याच्या फायद्याचा ठरतो. आणि आराखडा करणारा, माल आणणारा व काम करून घेणारा एकच असेल, ज्याला ‘टर्नकी’ म्हणतात, तर कामावर देखरेख करणारा त्रयस्थ उरतच नाही. टर्नकी पद्धत वाईट आहे असे नव्हे. नोकरी करणाऱ्या जोडप्याला ती सोयीची वाटते आणि प्रामाणिक टर्नकी ठेकेदारही आहेत. पण तेथे ठोक रक्कम ठरवणे आणि दुकानदाराकडून मिळणारे कोणतेही कमिशन उघड केले जाईल असे लिहून घेणे, हा किमान बंदोबस्त होय. मध्यम आकाराच्या घरासाठी ठोक मानधन घेणारा रचनाकार आणि स्वतंत्र ठेकेदार ही जोडी अधिक सुरक्षित असते, असे या क्षेत्राकडे पाहता म्हणावेसे वाटते, मग सुरुवातीला ती थोडी महाग वाटली तरी.

रंगसंगती, शैली, पडद्यांचे कापड यांविषयी येथे काही लिहिण्याचे प्रयोजन नाही. ज्याची त्याची आवड. न्हाणीघराविषयी मात्र लिहिलेच पाहिजे, कारण तेथली चूक खालच्या मजल्यावर ठिबकते आणि संस्थेच्या समितीकडे तक्रार होऊन येते. जुन्या टाइल्स उखडताना खालचा जलरोधक थर फुटतो आणि तो नव्याने केल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, निचऱ्याचे तोंड बंद करून किमान २४ तास पाणी तुंबवून खालच्या छताला ओल येते का हे पाहावे लागते. घाईत ही चाचणी वगळली जाते. नव्या सदनिकेत तर याहून मोठी मेख आहे: महाराष्ट्रातील नमुना विक्री करारातच असे म्हटले आहे, की विकासकाच्या लेखी संमतीशिवाय न्हाणीघर, शौचालय, स्वयंपाकघर वा नळजोडण्यांत गळती होईल असा फेरबदल केल्यास दोषनिवारणाची जबाबदारी आपोआप संपुष्टात येते. म्हणजे ताबा मिळताच हौसेने बदललेल्या टाइल्समुळे ५ वर्षांचे संरक्षण त्या हौसेच्या पहिल्याच दिवशी हातचे जाऊ शकते, आणि हे ग्राहकाला सांगणे कोणत्याही सजावटकाराला आपले काम वाटत नाही.

तक्रारीचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीसाठी कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही पडत नाही. घर बांधून देणे ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात मान्य केले आहे. अडचण पुराव्याची असते. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ हा प्रस्ताव स्वीकारणारा मालक करासोबत पावतीही गमावतो, आणि आयोगासमोर त्याच्याकडे दाखवायला काही चॅट्स आणि फुगलेला प्लाय एवढेच उरते.

या पार्श्वभूमीवर आयुक्तालयाकडे विनंती अशी, की सदनिकेतील फेरबदलाच्या परवानगी अर्जाचा एकसमान नमुना निश्चित करून त्याला मराठीतील दोन-तीन पानांचा नमुना करार जोडावा. अर्जात रचनाकार व ठेकेदार यांची नावे, पत्ते, शिक्षण किंवा अनुभव आणि कर नोंदणी क्रमांक असल्यास तो, सांगाड्याला हात लागणार आहे का याचे होय-नाही उत्तर व होय असल्यास अभियंत्याचा दाखला, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे नाव, आणि न्हाणीघराचे काम असल्यास पाणी तुंबवण्याच्या चाचणीची तारीख व खालच्या सदनिकाधारकाची सही, असे रकाने असावेत. करारात मोजमापाची पद्धत, मालाची मानके, टप्प्याटप्प्याने द्यायची रक्कम, मुदत आणि लांबल्यास कपात, कमिशनची घोषणा, आणि काम संपल्यावर किमान एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची ५ ते १० टक्के रक्कम यांची कलमे असावीत. आगाऊ रक्कम १० टक्क्यांहून अधिक नसावी असे सुचवता येईल. ज्या तत्त्वावर विकासकाला रोखले, ते सुतारकामाच्या ठेकेदाराला अगदीच अपरिचित राहू नये. करार सक्तीचा करण्याची गरज नाही. तो केला आहे की नाही एवढे अर्जात लिहावे लागले, तरी बहुतेक सभासद तो करूनच अर्ज आणतील.

समित्यांचे सदस्य या सूचनेवर कुरकुर करतील आणि त्यांची बाजू रास्त आहे. ते मानसेवी काम करतात, त्यांना ठेकेदाराच्या पात्रतेचा न्यायनिवाडा करता येत नाही, आणि एखाद्या समितीने आवडत्या ठेकेदाराचीच वर्णी लावण्यासाठी या रकान्यांचा वापर केला तर उपाय अपायाहून वाईट ठरेल. म्हणून परिपत्रकात हे स्पष्ट असावे, की समितीचे काम कागद पूर्ण आहेत का ते पाहून दप्तरी ठेवण्याचे आहे. सांगाडा, वीज आणि पाणी या तीन बाबी वगळता अन्य कारणासाठी तिला परवानगी अडवता येणार नाही, आणि ठेकेदाराच्या चुकीची जबाबदारी तिच्यावर येणार नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्याला अनुसरून नियम आणि उपविधींचा जेव्हा जेव्हा विचार होईल, तेव्हा हा नमुना परिशिष्ट म्हणून जोडणे सर्वांत सोयीचे; तोवर जिल्हा उपनिबंधकांमार्फत तो ऐच्छिक स्वरूपात पाठवता येईल. नव्या इमारतींत ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बहुसंख्य घरांचे काम एकाच वेळी चालते आणि तेव्हा बहुधा संस्था नोंदलेलीच नसते. अशा ठिकाणी विकासकाने ताबापत्रासोबतच हा अर्ज द्यावा, यासाठी महारेराशी पत्रव्यवहार करावा लागेल.

कळावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील एक सभासद